सांगलीत राहून ऑलिव्ह ऑइल, चीज आणि डार्क चॉकलेट निम्म्या भावात कसं घ्यायचं

विश्रामबागेत आमच्या घराजवळ एक दुकान आहे, तिथं बिलाच्या काउंटरपाशी खाली एक निळी टोपली ठेवलेली असते, वरवर बघितलं तर नुसती पडीक पाकिटं दिसतात, कोपरे दुमडलेली, धूळ बसलेली. मागच्या महिन्यात त्याच टोपलीतून मी इटालियन पास्त्याची दोन पाकिटं, काळ्या ऑलिव्हची एक बरणी आणि 70 टक्के कोकोचं डार्क चॉकलेट उचललं, सगळं छापील किमतीच्या निम्म्याला. काका बिल करता करता म्हणाले, "घेऊन जावा वहिनी, हितं कोण खातंय हे कडू चॉकलेट."

सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे बघा. पुण्यात हेच चॉकलेट पूर्ण भावाला खपतं कारण तिथं घेणारे रोज येतात, आपल्याकडं दुकानदार हौसेनं बारा नग मागवतो, चार जातात, आठ रॅकवर बसतात आणि तारीख जवळ आली की त्याला ते कसंही करून काढायचे असतात. म्हणजे भाव पडला तो गिऱ्हाईक नाही म्हणून, मालात खोट आहे म्हणून नाही. अर्थात कधी कधी खोट असतेच, आणि ती कुठं असते हे ओळखता यायला पाहिजे, बाकी काही अवघड नाही. मी पाच-सहा वर्षं हे करतेय, घरात चौघं खाणारे, दोन पोरं पास्ता आणि चीज सँडविचवर जगणारी, पूर्ण भावानं हे सगळं घ्यायचं म्हटलं तर महिन्याच्या किराण्याचं गणितच कोलमडेल.

आधी माल स्वस्त का होतो ते समजून घ्या म्हणजे कधी जायचं ते आपोआप कळेल. बाहेरच्या देशातून आलेल्या खाण्याच्या वस्तूला कस्टममधून सुटताना आयुष्याचा किमान 60 टक्के भाग किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, म्हणजे मुंबईत बंदरावर उतरतानाच कधी कधी त्या बरणीचं निम्म्याजवळ आयुष्य संपलेलं असतं. मग इम्पोर्टरचं गोडाऊन, मग मोठा डिस्ट्रिब्युटर, मग कोल्हापूर किंवा सांगलीची एजन्सी, मग दुकान, एवढं फिरून ती आपल्यासमोर येते तेव्हा चार-पाच महिने उरलेले असतात. त्यात 2024 च्या नोव्हेंबरात एफएसएसएआयनं ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की डिलिव्हरीच्या वेळी मालाचं 30 टक्के आयुष्य किंवा निदान 45 दिवस शिल्लक पाहिजेत. मग दीड महिन्याच्या आतला माल ऑनलाइन जायला अडचण, तो दुकानातच काढायचा. म्हणून मी ऑनलाइन ऑफर शोधत बसण्यापेक्षा पायी एक चक्कर मारते.

चक्कर कधी मारायची, तर दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सगळ्यात जास्त मिळतं. कंपन्यांना भेट द्यायला जे हॅम्पर बांधतात ना, त्यातले न खपलेले दुकानदार सोडतात आणि आतलं सामान सुटं विकतात, बदाम, क्रॅनबेरी, चॉकलेट, परदेशी बिस्किटांचे पत्र्याचे डबे. पत्र्याचा डबा भारी दिसतो पण बिस्किटाची तारीख डब्याच्या तळाला असते, उलटा करून बघायचाच. मग मार्चमध्ये, वर्षअखेरीला स्टॉक मोजायचा असतो तेव्हा दुकानदार पडून राहिलेलं मोकळं करतो. आणि तिसरी वेळ फारशी कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मे. विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन दोन्ही कॉलेजं, आजूबाजूला होस्टेलं, पोरं गावाला गेली की मेयोनीज, चीज स्लाइस, पीनट बटर, विदेशी नूडल्स हे सगळं अडकून बसतं, मी दोन वर्षं मेच्या पहिल्या आठवड्यात पीनट बटर वर्षभराचं भरलंय.

दिवसातली वेळ विचाराल तर दुपारी अडीच ते चार. गर्दी नसते, माणूस निवांत असतो, बोलतो.

आणि बोलायचंच. हे काम लाजून होत नाही. डीमार्टसारख्या ठिकाणी भाव ठरलेला, जे आहे ते रॅकवर, तिथं विचारून काही होत नाही, फक्त कोपऱ्यातली शेल्फं आणि सगळ्यात खालचा कप्पा वाकून बघायचा. पण गल्लीतलं दुकान आणि गणपती पेठेतल्या एजन्सीवाल्यांकडं सरळ विचारायचं, "काका, डेट जवळ आलेलं काही आहे का, चीज नाहीतर सॉस?" पहिल्यांदा तो जरा बघतो, त्याला वाटतं अन्न तपासणीवाले सरकारी लोक आले की काय, दुसऱ्यांदा हसतो, तिसऱ्यांदा आपणहून बाजूला काढून ठेवतो. माझा नंबर तिघांकडं आहे, माल निघाला की फोटो पाठवतात. एक सांगते, दरवेळी घासाघीस करू नका, तो आधीच तोट्यात विकतोय, भाव पटला तर घ्या नाहीतर पुढच्या वेळी येते म्हणा, आणि महिन्याचं साखर-तूर तिथूनच भरा. नुसतं टोपलीवर डोळा ठेवून येणारीला कोण कशाला फोन करेल.

आता पाकीट हातात आलं की पुढची बाजू बघूच नका, उलटं करा. तारखेत दोन प्रकार असतात. बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव आणि वास उत्तम राहील असं कंपनी म्हणतेय, ती उलटली म्हणजे लगेच वाईट झालं असं नाही. एक्सपायरी किंवा यूज बाय उलटली की मात्र ती वस्तू विकायलाच बंदी आहे, फुकट दिली तरी घ्यायची नाही. अमेरिकेतून आलेल्या पाकिटावर आधी महिना मग दिवस लिहितात, म्हणजे 05/11 हे आपल्या डोळ्याला 5 नोव्हेंबर दिसतं आणि ते असतं 11 मे, या एका गोष्टीत माझी शेजारीण फसली, मोठा सॉस घेऊन आली होती. म्हणून आयात मालावर इम्पोर्टरचा जो पांढरा स्टिकर असतो तो वाचायचा, त्यावर इम्पोर्टरचं नाव, पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर, एमआरपी आणि तारीख आपल्या पद्धतीनं असते. स्टिकरच नसेल तर तो माल कुठून आला कुणालाच माहीत नाही, तो ठेवून द्यायचा. आणि स्टिकर मूळ तारखेवरच चिकटवलेला असेल, नखानं कोपरा उचलला की खाली दुसरी तारीख दिसत असेल तर त्या दुकानाचीच पायरी परत चढू नका.

किमतीचे दोन स्टिकर मात्र दरवेळी लबाडी नसते. 22 सप्टेंबर 2025 पासून चीज, बटर, पास्ता, चॉकलेट, कॉफी, सुकामेवा यांच्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, त्या वेळच्या जुन्या मालावर नवीन कमी भावाचा स्टिकर लावायची सोय दिली होती. पण यातून एक शिकायचं, डिस्काउंट कुठल्या एमआरपीवर सांगतायत ते विचारा. जुन्या छापील भावावर 20 टक्के सूट म्हणजे खरं तर फारशी सूट नाहीच.

मग दर ग्रॅमचा हिशोब. आता पाकिटावर छापलेलाच असतो, बारीक अक्षरात, किलोच्या आतल्या मालाला एका ग्रॅमला किती असा. तो दोन पाकिटांचा समोरासमोर ठेवून बघा, मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं धरून चालू नका, निम्म्या भावातलं छोटं बऱ्याचदा मोठ्याला हरवतं. ऑलिव्ह, हालापेन्यो, मक्याचे छोटे कणीस असल्या पाण्यातल्या बरणीवर दोन वजनं असतात, एक नेट आणि एक ड्रेन्ड, ड्रेन्ड म्हणजे पाणी काढल्यावर हातात येणारं. साडेचारशे ग्रॅमच्या बरणीत माल निम्मा आणि बाकी मिठाचं पाणी असं सर्रास असतं, भाव करायचा तो निथळलेल्या वजनावर.

आता एकेक जिन्नस घेते. ऑलिव्ह ऑइलवर जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त पैसे मी तिथं घालवलेत. दोन वर्षांपूर्वी इथल्याच एका मोठ्या दुकानात एक लिटरची बाटली चाळीस टक्के कमी भावाला मिळाली, तारखेला आठ महिने होते, मी खुश. घरी येऊन झाकण उघडलं आणि वास आला तो डब्याच्या तळाला राहिलेल्या जुन्या शेंगदाण्याच्या कुटाचा. खवट. चमचाभर चाखलं तर जीभ जाड झाल्यासारखी. परत घेऊन गेले तर सील तोडलंय म्हणून घेतलं नाही. नंतर त्या दुकानात मुद्दाम जाऊन बघितलं, बाटल्या समोरच्या काचेला लागून मांडलेल्या, साध्या पारदर्शक काचेच्या, आणि दुपारी तीनला त्यांच्यावर लख्ख ऊन. एप्रिलमधलं सांगलीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. ऑलिव्ह ऑइलचे तीन शत्रू, उजेड, उष्णता आणि हवा, तारीख त्यांच्यापुढं काही कामाची नाही.

तेव्हापासून मी गडद हिरव्या काचेची बाटली किंवा पत्र्याचा डबाच घेते, आणि रॅकवरची पुढची न घेता मागची, सावलीतली काढते. लेबलवर एक्स्ट्रा व्हर्जिन असेल तरच त्याला चवीचे पैसे द्यायचे, ते नुसतं दाबून काढलेलं असतं आणि त्याची आम्लता 0.8 टक्क्यांच्या आत असावी लागते. पोमेस म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंट वापरून काढलेलं आणि रिफाइन केलेलं, आणि एक्स्ट्रा लाइट म्हणजे रंग-चव हलकी, कॅलरी तेवढ्याच. ही दोन्ही सेलमध्ये ढिगानं दिसतात, मी घेत नाही, फोडणीला आपलं घाण्याचं शेंगदाणा तेल शंभर पटीनं चांगलं लागतं. घरी आणल्यावर चांगलं तेल ओळखायचं असं, छोट्या वाटीत दोन चमचे घ्यायचं, वरून तळहात झाकायचा, खालून दुसऱ्या हातानं धरून मिनिटभर ऊब द्यायची आणि मग वास घ्यायचा. ओलं गवत, कच्चा टोमॅटो असा हिरवट वास आला, जिभेवर जरा कडू लागलं आणि घशात मिरीसारखं चुरचुरलं तर ते उत्तम तेल आहे. बरेच जण ते कडू लागलं म्हणून खराब समजून टाकून देतात, माझ्या सासूबाई पण तेच करायला निघाल्या होत्या.

चीजचं तारखेपेक्षा दुकानाच्या फ्रीजवर अवलंबून. रात्री दुकान बंद करताना लाइटबिल वाचवायला मेन स्विच पाडणारी दुकानं आहेत, ती कशी ओळखायची तर शेजारच्या फ्रीजरमधलं मटारचं पाकीट उचलून हलवायचं. दाणे सुटे खुळखुळले तर ठीक, सगळ्याचा मिळून एक दगड झाला असेल तर ते एकदा वितळून परत गोठलंय, मग त्या दुकानातलं चीज, बटर, क्रीम काहीच नको, निम्म्या भावात पण नको. चीज हाताला गारेगार आणि घट्ट लागलं पाहिजे, पाकीट फुगलेलं नको, आत पाणी सुटलेलं नको.

सेलमध्ये घ्यायचं ते कडक चीज, चेडार, गौडा, पार्मेझान. त्यात पाणी कमी, टिकतं जास्त, आणि तारखेला पंधरा दिवस राहिले असले तरी मी बिनधास्त घेते. कडेला बुरशीचा ठिपका आला तर भोवतीनं आणि खोलवर इंचभर कापून टाकलं की बाकीचं खाता येतं. मऊ चीजला, म्हणजे क्रीम चीज, फेटा, पाण्यातलं मोझरेला, किसलेलं चीज, यांना हे लागू नाही, तिथं बुरशी आतपर्यंत पसरते, अख्खं टाकायचं. शाकाहारी असाल तर हिरवं टिंब बघाच, काही विदेशी चीज दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात, खरं पार्मेझान तर तसंच करतात. आणि घटकांच्या यादीत चीजच्या जोडीला खाद्य वनस्पती तेल लिहिलेलं दिसलं की समजायचं दूध कमी आणि तेल जास्त, ते पिझ्झ्यावर वितळायला बनवलेलं असतं, त्याला चव नसते, कितीही स्वस्त असलं तरी आमच्याकडं येत नाही.

चॉकलेटवर पांढरट थर दिसला की लोक बुरशी म्हणून फेकतात. ती बुरशी नाही, चॉकलेट उन्हाळ्यात मऊ होऊन परत घट्ट झालं की आतलं कोको बटर वर येतं, त्याचा तो थर. खायला काही धोका नाही, फक्त मोडताना कट्ट आवाज येत नाही आणि जरा भुसभुशीत लागतं. असलं चॉकलेट निम्म्याच्याही खाली मिळतं, मी ते वितळवून त्यात तासगावचा बेदाणा आणि भाजलेले शेंगदाणे घालून ताटलीत थापते, पोरं विकतच्यापेक्षा आवडीनं खातात. एवढंच बघायचं की घटकांमध्ये कोको बटर लिहिलेलं पाहिजे, त्याऐवजी हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड, ते सेलमध्ये नसतं तरी स्वस्तच असतं.

पास्ता, व्हिनेगर, मध, मीठ यांची काळजी करू नका. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असला आणि पाकिटात किडा-जाळी नसली की झालं, व्हिनेगर तर वर्षानुवर्षं टिकतं. कॉफीच्या पाकिटावर चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, किती टक्के ते छापलेलं असतं, 40 टक्के चिकोरीला कॉफीचा भाव देऊ नका, आणि दळलेली कॉफी जुनी असेल तर वास उडालेला असतो, म्हणून सेलमध्ये इन्स्टंट किंवा अख्खे दाणेच. अक्रोड, पिस्ते, पाइन नट यांच्यात तेल असतं, ती पण ऑलिव्ह ऑइलसारखी खवट होतात, दुकानदार एक तोडून चाखू देत असेल तरच. मेपल सिरपच्या नावाखाली नुसतं मेपलच्या वासाचं साखरेचं पाणी मिळतं, यादीत पहिला शब्द साखर असेल तर ठेवून द्या.

डबे आणि बरण्या. पत्र्याचा डबा फुगलेला असेल, वरखालच्या जोडावर पोचा असेल, गंज खोल गेला असेल तर हात लावू नका, मधोमध साधा पोचा असेल तर चालतो आणि त्यावर सूटही मिळते. बरणीच्या झाकणाचा मधला भाग बोटानं दाबून बघा, टिक-टिक वाजला तर हवा शिरलीय.

आणि हे सांगलीकरांना मुद्दाम सांगते. 2005, 2019, 2021, आपल्याला पूर काय ते शिकवायला नको. 2019 ला गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड पाण्यात होता, तेव्हा दुकानदारांचं जे झालं ते डोळ्यानं बघितलंय आणि त्यांना मदत करावी असं मनापासून वाटतं, पण पुराचं पाणी लागलेल्या खाण्याच्या मालात मदत नको. पुरानंतर काही महिने फार स्वस्त माल दिसला की झाकणाच्या आट्यात बारीक चिखल बसलाय का, लेबलला पाण्याची तपकिरी रेघ आहे का, लेबल धुऊन नवीन चिकटवलंय का ते बघायचं. फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ते पाणी आत जाऊ शकतं, गटाराचं, औषधाचं, मेलेल्या जनावराचं पाणी आहे ते. अशा दुकानदाराकडून कपबशी घ्या, कापड घ्या, खाण्याचं घेऊ नका.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. भारी खाणं म्हणजे परदेशीच असं आपण का धरून बसतो कळत नाही. मुंबईच्या दुकानात सुंदर पिशवीत ज्याला गोरमे म्हणून विकतात ते आपल्या दारात पिकतं. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला दोन्हीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. बेदाण्याचा भाव लांबी आणि रंगावर ठरतो, लांब हिरवा सगळ्यात महाग, जरा आखूड, जरा काळपट रंगाचा एकदम खाली येतो, गोडीत मला तरी काही फरक कळत नाही. सौद्यात माल पंधरा किलोच्या बॉक्सनं जातो, आपल्याला एवढा नको असतो, म्हणून आम्ही चार घरं मिळून एक बॉक्स घेतो, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, नवीन माल आल्यावर एप्रिल-मेच्या सुमाराला, आणि वाटून फ्रीजमध्ये ठेवतो. फार पिवळाधमक बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो, कोमट पाण्यात धुऊन घ्या.

साताऱ्याकडच्या मंडळींसाठी तर अजून सोपं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय आहे, अंगावर पट्टे असलेला, भिजवून शिजवला की लोण्यासारखा, मी परदेशी डबाबंद राजम्याच्या जागी सॅलडमध्ये तोच घालते, भाव तुम्हीच लावून बघा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मार्चमध्ये लहान आणि वेडीवाकडी येते, पर्यटकांना ती नको असते, जॅमला तीच चांगली, कारण पिकलेली असते. मांघर हे महाबळेश्वर तालुक्यातलं गाव 2022 ला देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या सगळ्या भागात मध मिळतो, आणि थंडीत मधात साखरेसारखे कण धरले की दुकानदार तो मागं सरकवतात कारण गिऱ्हाईक भेसळ म्हणतं. नुसते कण धरले म्हणून मध खोटा ठरत नाही, मध गोठतोच. मी तोच मागून घेते, भाव कमी करतात, बरणी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की परत पातळ. आणि रिझोत्तोसाठी इटालियन तांदूळ शोधत फिरू नका, इंद्रायणी घ्या, चिकट असतो, भाज्या उकळून गाळलेलं गरम पाणी थोडं थोडं घालत ढवळत राहिलं की झकास होतं, वर सेलमधलं पार्मेझान किसायचं.

आणलेलं घरी वाया गेलं तर सूट गेली पाण्यात, म्हणून त्याच संध्याकाळी तासभर काढते. चीज किसून छोट्या पिशव्यांमधून फ्रीजरला, पेस्टो (बेसिलची इटालियन चटणी) आणि टोमॅटो पेस्ट बर्फाच्या ट्रेमध्ये, गोठल्यावर वड्या काढून डब्यात, बटर तसंच फ्रीजरला. सुकामेवा फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात. ऑलिव्ह ऑइल गॅसपासून लांब, बंद कपाटात, मोठा डबा असेल तर महिन्याभराचं छोट्या गडद बाटलीत काढून बाकीचा घट्ट बंद. ऑलिव्हची बरणी उघडली की फ्रीजमध्ये आणि मीठपाणी ओतून द्यायचं नाही, दाणे त्यात बुडलेले राहिले पाहिजेत. एकावर एक फुकट दिसलं की थांबून विचार करायचा, आपल्या घरात महिन्याला हे किती संपतं, आमच्याकडं मस्टर्ड सॉसची एक बाटली चार महिने जाते, मग दुसरी फुकटची बाटली मी जावेला देते किंवा घेतच नाही.

बिल घ्याच, टोपलीतल्या मालाचं सुद्धा, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून चाखा, आठ दिवसांनी गेलात तर दुकानदार तुमच्याच फ्रीजला दोष देईल. एक्सपायरी उलटलेला माल विकलेला आढळला आणि बोलून ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, फोटो आणि बिल जवळ ठेवून फोन करायचा. मी एकदाच केला होता, नंतर त्या दुकानात तारखेप्रमाणं माल लावायला लागले.

फ्रीजच्या दारावर मी एक कागद चिकटवलाय, त्यावर वस्तू आणि तारीख, जवळची तारीख वर. दर रविवारी सकाळी वरच्या दोन ओळी बघायच्या आणि त्यावरून त्या दिवसाचं जेवण ठरवायचं. या रविवारी निळ्या टोपलीतल्या ऑलिव्हचा नंबर आहे, बरणीवर 28 तारीख आहे, अर्धे पास्त्यात जातील आणि अर्धे थालीपिठाच्या पिठात बारीक चिरून, कांदा आणि हिरवी मिरची घालून, मीठ मात्र निम्मंच घालायचं कारण ऑलिव्हमध्ये भरपूर असतं.